कॅबिनेट घेताय? आधी या डब्याची गोष्ट ऐका

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना सुटलेले दोन-चार मुद्दे इथे भरून काढलेत.

तर झालं असं, अकोल्याच्या माझ्या मामेभावाने रात्री अकरा वाजता तीन फोटो पाठवले. तीन कॅबिनेट. तिन्हींना पुढून काच, आत रंगीत लाइट. खाली मेसेज, "दादा, कुठलं भारी दिसतं? उद्या ऑर्डर टाकतो." हा पठ्ठ्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. दोन सीझनचे पैसे साठवून आयुष्यातला पहिला पीसी स्वतः जोडायला निघालाय. मी म्हटलं, "बाबा रे, दोन दिवस थांब." आणि त्या दोन दिवसांतून हा भाग तयार झाला.

दिसण्याचंच म्हणाल, तर गोष्ट सुरूच तिथून होते. जानेवारी १९७५. अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' झळकला. घरी जोडता येणारा कॉम्प्युटर! पण एड रॉबर्ट्सच्या कंपनीने न्यूयॉर्कला पाठवलेला नमुना वाटेतच गहाळ झाला होता. मग फोटोसाठी काय ठेवलं? पुढे बटणं आणि दिवे लावलेला एक रिकामा डबा. लोकांनी डबा बघितला आणि ऑर्डरी टाकल्या. आत काही नव्हतं हे त्यांना कुठे माहीत!

पुढच्याच वर्षी नेमकं उलटं झालं. १९७६चा 'अ‍ॅपल वन' ६६६.६६ डॉलरला मिळायचा, पण नुसता बोर्ड. डबा, कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर ज्याचा त्याने आणायचा. काहींनी तर त्यासाठी लाकडी पेट्या बनवल्या. म्हणजे 'कुठलं कॅबिनेट घेऊ?' हा प्रश्न पीसीपेक्षाही जुना आहे.

खरा बदल झाला १२ ऑगस्ट १९८१ला, आयबीएमने आपला 'पीसी' आणला तेव्हा. आडवा पत्र्याचा डबा, त्यावर मॉनिटर. आत पाच स्लॉट, एकेक इंचाच्या अंतरावर. आयबीएमने त्याचं तांत्रिक पुस्तकही विकायला ठेवलं, सर्किटच्या आकृत्यांसकट. मग काय, नकला सुरू झाल्या. १९८३मध्ये 'एक्सटी' मॉडेल आलं. त्यात आठ स्लॉट बसवायचे होते, म्हणून दोन स्लॉटमधलं अंतर ०.८ इंच केलं, साधारण २० मिलिमीटर.

हा आकडा लक्षात ठेवा. आज तुम्ही 'थ्री-स्लॉट ग्राफिक्स कार्ड' म्हणता, तेव्हा १९८३च्या याच मापात बोलत असता. कॅबिनेटच्या मागच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मोजून बघा, अंतर तेच मिळेल.

नकला करणाऱ्यांनी माप का बदललं नाही? कारण माप तेच ठेवलं, की एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या डब्यात बसतो. ग्राहक एका दुकानातून बोर्ड घेतो, दुसऱ्यातून कॅबिनेट. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'असेंबल्ड पीसी'चा जो धंदा फोफावला, तो याच भोकांच्या मापावर उभा होता. (आणि हो, त्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणायची सवय आपल्या घराघरांत अजून आहे. माझी आईसुद्धा म्हणते, "सीपीयूवरची धूळ पूस.")

पण सगळं गोड नव्हतं. १९८४च्या 'एटी'वरून आलेल्या कॅबिनेटमध्ये दोन भानगडी होत्या. एक, एसएमपीएसमधून बोर्डाकडे दोन वेगळे कनेक्टर जायचे. ते उलटसुलट बसले की बोर्ड जळालाच. म्हणून कारागीर एकच मंत्र घोकायचे : काळ्या वायरी मध्ये, एकमेकींशेजारी. दुसरी, पुढच्या बटणापर्यंत थेट घरातली वीज यायची, आपल्याकडे २३० व्होल्ट. झाकण उघडून चुकून तिथे हात गेला तर काय, ते सांगायला नको. आणि तुमच्या बाबांना विचारा, विंडोज ९५ बंद केल्यावर स्क्रीनवर 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचा मेसेज यायचा. तो का? कारण यंत्र स्वतःहून बंद होऊच शकत नव्हतं!

जुलै १९९५मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे नवं माप जाहीर केलं. बोर्ड जणू काटकोनात फिरवला. प्रोसेसर लांब कार्डांच्या वाटेतून बाजूला गेला. एकाच बाजूने बसणारा २० पिनांचा कनेक्टर आला. पुढच्या बटणाकडे आता फक्त कमी व्होल्टेजचा इशारा. मागे सगळ्या पोर्टसाठी एकच चौकट. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. १९९७ला त्याचा धाकटा भाऊ 'मायक्रो-एटीएक्स' आला, २४४ बाय २४४. त्याच्या स्क्रूची भोकंही मोठ्याच्याच कॅबिनेटमध्ये बसतील अशी ठेवलेली.

हे खरंच टिकलंय का, ते बघायला मी माळ्यावर चढलो. २००२ साली बाबांनी घेतलेलं बिस्किट रंगाचं कॅबिनेट अजून तिथेच होतं, पडद्यात गुंडाळलेलं. त्यात मित्राकडचा आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड ठेवला. भोकं जुळली. मागची चौकट 'टक्' करून बसली. नवा एसएमपीएस जुन्या जागी गेला. पॉवर स्विचची दोन पिनांची वायर जोडली, बाबांना म्हटलं, "दाबा बटण." त्यांनी दाबलं आणि पंखा फिरला! वीस वर्षांनंतर त्याच बटणावर. बाबा काही बोलले नाहीत, नुसते एका फडक्याने वरची धूळ पुसत राहिले.

मग हेच कॅबिनेट भावाला देऊन टाकायचं? नाही ना! ग्राफिक्स कार्ड हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडलं. उंच कूलर वरच्या एसएमपीएसला टेकला. आणि हवेसाठी मागे एकच ८० मिलिमीटरचा पंखा. माप टिकलं, पण आतली उष्णता तेवढीच राहिली नाही.

हे इंटेलच्याही लक्षात आलं होतं. पेंटियम फोर तापायला लागला, तेव्हा त्यांनी 'बीटीएक्स' नावाचं नवं माप आणलं. पुढून आलेली हवा सरळ प्रोसेसरवरून मागे जाईल अशी रचना. कल्पना चांगलीच होती. पण त्यासाठी बोर्ड, कॅबिनेट, कूलर सगळंच नवीन घ्यायला हवं होतं. २००६ला कमी तापणारे 'कोअर टू' आले आणि इंटेलने बीटीएक्स गुंडाळलं. लोकांनी भोकं बदलली नाहीत, डबा आतून बदलला. एसएमपीएस खाली गेला, पुढे १२० मिलिमीटरचे पंखे आले, मोकळी जागा वाढली.

मग काच आली. बाजूची काच ठीक आहे. पण पुढूनही काच लावली, की पंख्यांना हवा यायची कुठून? कडेच्या फटीतून. पंखा काही एसी नव्हे, तो फक्त खोलीतली हवा आत ढकलतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. चार तास रेंडरिंग चाललंय, आत हवा नाही, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. उद्या सकाळी नवरीकडच्यांना व्हिडिओ द्यायचाय. रंगीत लाइट तेव्हा काय कामाचे?

म्हणून भावाला चारच गोष्टी सांगितल्या. कार्डची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून बघ. पुढे जाळी हवी, तिच्यामागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर महागडा माल सोडू नकोस. आणि घरातलं अर्थिंग तपासून घे. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष बहुतेक वेळा डब्याचा नसतो, भिंतीतल्या सॉकेटचा असतो.

त्याने तिन्ही फोटो डिलीट केले. काळं, जाळीचं, दिसायला अगदीच साधं कॅबिनेट मागवलं. वाचलेल्या पैशांत एक जास्तीचा पंखा, आणि वायरमन बोलावून अर्थिंग. काल मेसेज आला, "दादा, दिसायला डबा आहे रे!"

मी म्हटलं, "डबाच आहे तो. आत काय शिजतंय ते बघ."

तुमच्या माळ्यावर असं एखादं बिस्किट रंगाचं कॅबिनेट पडलंय का? असेल तर भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडा आणि फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!