बुडीत खातं

पोराच्या हातात गलोल किंवा गळ दिसला, की आमची सोलापूरची वडीलधारी मंडळी त्याचं नाव 'बुडीत खात्या'त टाकून मोकळी होतात. मारुती चितमपल्लींनी हा हिशेब साफ चुकवला. १९३२ साली ते सोलापुरातच जन्मले. लहानपणी रानाची ओढ लागली, ती ३६ वर्षं वनखात्यात काढूनही फिटली नाही. लोक पाखरं छऱ्यानं टिपतात. यांनी टाकानं टिपली आणि 'पक्षिकोश' भरला. मासे तर गळाशिवाय धरले, 'मत्स्यकोशा'त! १९७२ च्या कायद्यानं शिकारीला लगाम लागला, १९७९ साली नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं. तरी माळ आटला, माळढोक दुर्मिळ झाला. २०२५ साली चितमपल्लीही गेले. आता पासबुक भरलेलं आहे. शिल्लक मात्र माळावर मोजायची आहे.