चित्रपटांना ‘ए’ प्रमाणपत्र का मिळते?

अठरा वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहाच्या दारातच अडवणारे ‘ए’ हे अक्षर प्रेक्षकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. ‘ए’ म्हणजे अश्लील, हा समजही तितकाच रूढ आहे. प्रत्यक्षात हिंसाचार, क्रौर्य, अमली पदार्थांचे सेवन, शिवराळ भाषा किंवा चित्रपटाचा मूळ विषय यांपैकी कोणत्याही कारणाने ही श्रेणी मिळू शकते.

‘यू’ आणि ‘ए’ ही वर्गवारी १९४९ च्या कायदादुरुस्तीने आली. सध्याचा कारभार १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चालतो. १९८३ मध्ये ‘यूए’ व ‘एस’ या श्रेणींची भर पडली आणि सेन्सॉर बोर्डाचे नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असे झाले. ‘एस’ श्रेणी डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांसाठी असल्याने सर्वसामान्य प्रेक्षकांच्या दृष्टीने ‘ए’ हीच सर्वांत कडक श्रेणी ठरते.

एखादे दृश्य सुटे न पाहता संपूर्ण चित्रपटाचा एकत्रित परिणाम पाहावा, असे १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वाद होतो तो नेमका येथेच. महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य यांतील दरी दाखवणाऱ्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लघुपटात मुंबईतील वेश्यावस्तीचे चित्रण होते. त्यामुळे त्याला ‘ए’ श्रेणी देण्यात आली. हे चित्रण वगळल्यास ‘यू’ देण्याची तयारी सरकारने दाखवली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीदरम्यान सरकारने कात्री न लावता ‘यू’ देण्याचे मान्य केले. मात्र १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण आणि वयानुसार वर्गवारी वैध ठरवली. त्याच वेळी, लैंगिक विषय म्हणजे अश्लीलता नव्हे, असेही बजावले.

फूलनदेवीच्या जीवनावरील ‘बँडिट क्वीन’चे ‘ए’ प्रमाणपत्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कायम ठेवले. त्यातील विवस्त्रतेचे दृश्य वासना नव्हे, तर अत्याचाऱ्यांविषयी घृणा जागवते, असे न्यायालयाचे मत होते. चित्रकारांसमोर बसणाऱ्या मॉडेलची कथा सांगणारा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ २०१७ मध्ये गोव्यातील इफ्फीच्या यादीतून वगळण्यात आला होता. तोच चित्रपट २०१८ मध्ये कोणत्याही काटछाटीविना ‘ए’ प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला.

म्हणजेच ‘ए’ श्रेणी कधी कधी दिग्दर्शकाचे संरक्षणही करते. निर्मात्याला मात्र तिची आर्थिक झळ बसते. कुटुंबासह येणारा प्रेक्षक दुरावतो आणि ‘ए’ चित्रपट त्याच रूपात दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. त्यामुळे अनेकदा सौम्य श्रेणीसाठी निर्मातेच काटछाट स्वीकारतात. परिणामी, मुलांसाठी केलेल्या तरतुदीमुळे प्रौढांनाही मूळ कलाकृती पाहायला मिळत नाही.

ही अडचण काही अंशी कमी करण्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. या खुणा पालकांना केवळ मार्गदर्शन करतात. निर्णय त्यांचाच असतो. ‘ए’ चित्रपटाला मात्र आई-वडील सोबत असले तरी शाळकरी मुलाला प्रवेश देता येत नाही. मंडळाने ही श्रेणी जपून वापरावी, अशी अपेक्षा त्यामुळेच व्यक्त होते.