सेवेची शिदोरी

मे महिना लागला की मुंबईच्या उपनगरांतली गर्दी जराशी पातळ होते. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इकडच्या चाळींतली मंडळी पोराबाळांसह गावाकडे निघतात, आणि तुमच्या अंगणात मुंबईची मुले हुंदडू लागतात. पण घरातला कॉलेजात शिकणारा थोरला मुलगा पुष्कळदा त्यांच्याबरोबर नसतो. "यंदा तो का नाही आला?" असे आजीने विचारले, तर उत्तर मिळते, "सुट्टीत कामाला लागलाय." आज या कामाला लागलेल्या मुलाविषयीच मला तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही असे ठरवले की, उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे विद्यार्थ्यांनी घाटकोपरच्या डोंगरावरील एका वस्तीत जावे आणि तिथल्या लहान मुलांना वाचायला शिकवावे. वर्गात विचारताच एका मुलाने सर्वांत आधी नाव दिले. त्याचे वडील सातारा जिल्ह्यातून आलेले माथाडी कामगार. मुलगा हुशार, बोलका, कामसू. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आला आणि आपले नाव खोडायला सांगू लागला. म्हणाला, "सर, मला यायचंय. पण सुट्टीत मी पार्सलं पोचवतो, त्यावर पुढच्या वर्षाची फी निघते. आणि माझा पास बोरिवली ते अंधेरी. घाटकोपरला रोज जायचं तर वेगळे पैसे लागतील."

रेल्वेचा विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच वाटेचा असतो, हे तुम्हांला ठाऊक असेल. अंधेरीहून घाटकोपरला 2014 सालापासून मेट्रो जाते. वाट सोपी झाली, पण तिकीट काही सुटत नाही. मी काय उत्तर देणार? नाव खोडले. त्या वर्षी वस्तीत गेली ती बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरची मुले. त्यांनी मनापासून काम केले, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण ज्याने असल्याच वस्तीत लहानपण काढले होते, ज्याची भाषा त्या मुलांना आपली वाटली असती, तो मात्र पाठीवर पार्सलांची पिशवी घेऊन उन्हात हिंडत होता.

आपल्याकडे म्हण आहे, आधी पोटोबा मग विठोबा. ती आपण हसण्यावारी नेतो. इतिहासाच्या मास्तराने मात्र ती गंभीरपणे घ्यावी असे मला त्या दिवशी वाटले, आणि मी जुनी पाने चाळू लागलो. आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी लोकसेवेची कामे उभी केली, त्यांनी सेवकाच्या पोटाची सोय कशी लावली होती?

पहिले नाव आठवते नामदार गोखल्यांचे. 12 जून 1905 रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात येणाऱ्या तरुणाला सात शपथा घ्याव्या लागत. त्यांतली एक शपथ अशी की, समाज माझ्यासाठी व माझ्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तिच्यात मी समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. या शपथेच्या दोन बाजू आहेत. सेवकाने लोभ सोडायचा ही एक. आणि संस्थेने त्याच्या घरच्या चुलीची काळजी वाहायची, ही दुसरी. पहिली बाजू आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. दुसरी सहसा कोणी सांगत नाही.

या व्यवस्थेतून काय निपजले पाहा. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी हे आधी शाळामास्तर होते. 1909 साली ते गोखल्यांच्या समाजात आले आणि 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये अशी कामे तिने वर्षानुवर्षे चालवली. जोशींना रोज सकाळी 'आज घर कसे चालवू' ही विवंचना असती, तर हे झाले असते का?

दुसरे नाव तुमच्या अधिक ओळखीचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीत जेवत. पंगत चालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर त्या मुलांचा घास चालला. पुढे 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' ही वाट उच्च शिक्षणातही आली. विद्यार्थ्याने श्रम करावे आणि त्या श्रमांनी त्याच्या शिक्षणाचा भार हलका व्हावा, हा तो व्यवहार. यात विद्यार्थ्याची मान खाली जात नाही, हे कर्मवीरांनी दाखवून दिले.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येऊ. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, हा विचार राधाकृष्णन आयोगाने मांडला होता. पंडित नेहरूंनाही तो प्रिय होता. 1959 साली त्यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली मंत्रिपद सोडणारे तेच हे देशमुख. शालेय शिक्षण संपवून पुढे जाणाऱ्या प्रत्येक मुलाने नऊ महिने ते वर्षभर सेवा करावी आणि ती सक्तीची असावी, अशी शिफारस समितीने केली. मग घोडे कुठे अडले? खर्च फार आणि अंमलबजावणी कठीण, एवढ्यावर ती योजना बाजूला पडली. देशाची तिजोरी सांभाळलेल्या माणसाची योजना पैशापाशीच थांबली!

पण विचार मेला नाही. 1960 साली के. जी. सैयिदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी असे सांगितले. कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर समाजसेवा असावी असे सुचवले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी 40 हजार विद्यार्थी त्यात होते आणि चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी 5 कोटी रुपये ठेवले होते. शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्यापैकी कितीतरी जण या योजनेच्या शिबिरांतूनच घडले असतील. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, आणि त्यानंतरच्या 1973 सालच्या शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध तरुण' हा होता.

या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि सात दिवसांच्या शिबिराला जायचे. शिबिरातल्या जेवणाखाण्यासाठी सरकार डोईमागे रक्कम देते. पुष्कळ वर्षे केंद्राने सात वाटे आणि राज्याने पाच वाटे असा हिशेब होता. 2016 पासून सारा भार केंद्राने घेतला. सात दिवसांची शिदोरी अशी मिळाली, आणि म्हणूनच गरिबाघरचा मुलगाही शिबिराला जाऊ शकला. पण सुट्टीतल्या सहा आठवड्यांचे काय? तिथे ही शिदोरी पुरत नाही.

2018 साली केंद्र सरकारने उन्हाळ्यासाठी खास स्वच्छतेचा उपक्रम काढला. मे ते जुलै या काळात विद्यार्थ्याने गावात 100 तास काम करायचे. त्याबद्दल शिक्षणात दोन श्रेयांक मिळायचे आणि उत्तम काम करणाऱ्यांना बक्षिसे. देशात पहिला येणाऱ्याला दोन लाख रुपये होते. उपक्रम स्तुत्यच. पण बक्षीस शेवटी मिळते आणि भूक पहिल्या दिवशी लागते. बक्षीस एकाला मिळते, बसभाडे सगळ्यांना पडते.

2024 साली आणखी दोन योजना आल्या. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षणाप्रमाणे दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपयांचे विद्यावेतन घेऊन आली. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेने दरमहा पाच हजार ठरवले. म्हणजे उमेदवारी करणाऱ्याला पैसे द्यावेत, हे तत्त्व आता मान्य झाले आहे. पण या दोन्ही योजना शिक्षण आटोपलेल्या तरुणांसाठी काढलेल्या. जो अजून कॉलेजात रोज हजेरी लावतो, तो दाराबाहेरच राहिला. आणि इकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याकडून उमेदवारीची अपेक्षा वाढवली आहे. अपेक्षा वाढली आणि शिदोरी तेवढीच राहिली, तर ओढाताण कोणाची होईल, हे मी सांगायला नको.

अमेरिकेत 1964 सालापासून एक व्यवस्था आहे. गरजू विद्यार्थ्याने शिकता शिकता काम करावे आणि त्याच्या मजुरीचा मोठा वाटा सरकारने उचलावा. त्या पैशांतला निदान शेकडा सात एवढा भाग महाविद्यालयाने लोकसेवेच्या कामावर खर्च केला पाहिजे, असा तिथे नियम आहे. आपल्या विद्यापीठांतही 'कमवा आणि शिका' योजना चालतात. मुले ग्रंथालयात, कचेरीत, बागेत काम करतात आणि तासाप्रमाणे पैसे घेतात. तेच तास सुट्टीत वस्तीतल्या शाळेत किंवा गावच्या विहिरींची मोजणी करण्यात का मोजू नयेत?

कोणी म्हणेल, "मास्तर, सेवेला पैसे घेतले तर ती सेवा कसली?" प्रश्न रास्त आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरे बुडाली, तेव्हा विद्यार्थी आपण होऊन मदतीला धावले. भाडे कोणी मागितले नाही. संकटात माणूस असाच धावतो. पण मुलाला वाचायला शिकवणे हे चार दिवसांचे धावणे नव्हे, ते रोजचे चालणे आहे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला गावोगाव भाकरी मिळते, म्हणून त्याची वारी खोटी ठरते काय?

त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या वर्षी आम्ही काही शिक्षकांनी दरमहा थोडे पैसे बाजूला काढले. प्रवास, दुपारचे जेवण आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग भरून निघेल, एवढी रक्कम दोघांपुरतीच जमली. त्या दोघांत तो होता. वस्तीतल्या पोरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात 'दादा' करून टाकले. पण तिसरा एक अर्ज आम्हांला परत करावा लागला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

गावकरी मंडळींनो, शिक्षकांनो, पुढच्या मे महिन्यात तुमच्या गावचे एखादे शिकणारे पोर मुंबईहून येईल. त्याला शाळेच्या वाचनालयाचे, मुलांच्या अभ्यासाचे, पाण्याच्या नोंदीचे काम द्या. येण्याजाण्याचे भाडे आधी हातावर ठेवा, जेवणाची घरे वाटून घ्या, आणि वरखर्चाला जे जमेल ते गावाने मिळून द्या. हिशेब चावडीवर लावा, म्हणजे कोणाला उपकार वाटणार नाहीत आणि कोणाला संशयही येणार नाही. साताऱ्याची पंगत मूठमूठ धान्यावर चालली होती. तेवढी मूठ आजही आपल्या घरात आहे.