कायोटी आणि वेगवान रायफल
मंडळी, आता आपण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानावर येऊ. तिथला कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊच म्हणा ना! मेंढ्या मारतो म्हणून १९३१ साली त्याच्या नायनाटासाठी तिथे कायदाच झाला. १९३५ मध्ये विंचेस्टर कंपनीने .२२० स्विफ्ट हे काडतूस आणलं. गोळीचा वेग सेकंदाला ४,००० फुटांहून जास्त. सशाच्या किंकाळीची नक्कल ऐकून आलेला, पण लांबच थबकलेला सावध कायोटीही आता टप्प्यात आला.
मग तो संपला का? नाही. माणसाने लांडगेही मारले होते; त्यांची मोकळी झालेली जागा कायोटीने घेतली. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. आपण गोळीचा वेग मोजत राहिलो, रिकामी केलेली जागा मोजायची मात्र राहूनच गेली.