मेंदी पाहुणी, हिरडा घरचा: आंबेनळी घाटातून केस रंगवण्याचा इतिहास

संशोधनाचा विषय काय, असं विचारलं की आपल्यापैकी बरेच जण दोन शब्दांत उत्तर देतात. ‘मेंदीचा इतिहास’, ‘घाटवाटांचा इतिहास’, ‘सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास’. मुलाखतीत समोरचे प्राध्यापक मान डोलावतात आणि विचारतात, “बरं, पण प्रश्न काय आहे?” इथेच गाडी अडते. विषय म्हणजे नुसती जागा. त्या जागेत नेमकं काय शोधायचं, तो प्रश्न.

आज एक अगदी घरगुती गोष्ट घेऊन विषयातून प्रश्न कसा काढायचा ते बघू. पांढरे केस रंगवायला मेंदी भिजवायची, तर आपल्याकडे ती लोखंडी कढईत भिजवतात. चहाचं पाणी घालतात, आवळ्याची पूड घालतात, रात्रभर ठेवतात. का? आणि हे सगळं एकाच परंपरेतून आलंय का? हा प्रश्न तपासायला जागा घेऊ आंबेनळी घाटाची. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा, सुमारे ४० किलोमीटरचा हा रस्ता का निवडला, ते पुढे कळेल.

कढईत काय होतं?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्राला घाबरायचं कारण नाही. इथे दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत.

पहिली: मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. पान वाटून पाण्यात किंवा लिंबासारख्या आंबट रसात भिजवलं की ते सुटं होतं आणि केसातल्या केराटिन या प्रथिनाला पक्कं चिकटतं. रंग येतो तांबूस-नारिंगी. म्हणून पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी लावली की केस तांबडे दिसतात. मेंदीचा थर केसावर बसतो, केस जाड आणि चमकदार वाटतो. पण काहींचे केस कोरडेही पडतात, म्हणून दही किंवा तेल लागतं. मेंदीचा स्वतःचा रंग काळा कधीच नसतो.

दुसरी: हिरडा, आवळा, चहा यांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं असतात. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की गडद निळसर-काळा रंग तयार होतो. कापडावरचा काळा रंग, हिरडा आणि हिराकशीची काळी शाई यांच्यामागे हीच क्रिया आहे.

म्हणजे आपल्या कढईत दोन वेगळी रंगतंत्रं एकत्र नांदतात. एक लाल, पानाचं. दुसरं काळं, लोखंड आणि तुरट फळाचं. आता इतिहासाचा प्रश्न आकार घ्यायला लागतो: ही दोन तंत्रं कुठून आली आणि एकत्र कशी झाली?

आधी शब्द बघा

कागदपत्रांकडे धावण्याआधी शब्दकोश उघडायची सवय लावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून) हे दोन तरी हाताशी हवेतच.

मराठीत केस रंगवण्यासाठी निदान तीन शब्द आहेत. ‘मेंदी लावली’ म्हटलं की तांबूस रंग डोळ्यांसमोर येतो. ‘कलप लावला’ म्हटलं की काळा. आणि ‘डाय केला’ म्हटलं की दुकानातून आणलेलं पाकीट. जुन्या माणसांच्या बोलण्यात मेंदी आणि कलप यांची गल्लत होत नाही. भाषेने ही दोन तंत्रं वेगळी ठेवली आहेत. हा पुरावा लहान आहे, पण आपण रसायनातून जे वेगळेपण पाहिलं त्याच्याशी तो जुळतो. दोन स्वतंत्र दिशांनी एकच गोष्ट दिसली, की समजायचं, इथे खणायला हरकत नाही.

गोडे मास्तरांकडून काय शिकायचं?

मेंदीच्या इतिहासावर काम करायचं तर पहिलं नाव परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१). १९१९ पासून ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात क्युरेटर होते. १९४७ मध्ये संस्थेच्या ‘अ‍ॅनल्स’मध्ये त्यांचा मेंदीच्या इतिहासावरचा इंग्रजी लेख आला. इसवी सन पूर्व २००० ते इसवी सन १८५० एवढा काळ त्यांनी शीर्षकातच घेतला होता.

गोड्यांची पद्धत दिसायला साधी, करायला महाकठीण. एखाद्या वस्तूचे उल्लेख हस्तलिखितं, कोश, वैद्यकग्रंथ, प्रवासवर्णनं अशा सगळीकडून वेचायचे आणि कालक्रमाने लावायचे. तारीख ठरलेला एक उल्लेख हा दहा अंदाजांपेक्षा मोलाचा. आज आपण शोधयंत्रात एक शब्द टाकतो, तेव्हा गोड्यांनी हाताने केलेल्या कामाचीच फिकी नक्कल करत असतो.

पण या पद्धतीत एक खाच आहे, ती वनस्पतींच्या नावांची. सुश्रुतसंहितेत येणारी ‘मदयन्तिका’ म्हणजे मेंदी असं अनेक जण धरतात. मोनियर-विल्यम्सच्या कोशात मात्र याच शब्दाचा अर्थ मोगऱ्याच्या जातीचं फूल असा दिला आहे. म्हणजे ‘मेंदीचा सर्वात जुना भारतीय उल्लेख’ असं ठोकून देण्याआधी, तो शब्द त्या ग्रंथात कोणत्या कामासाठी आलाय, शेजारी कोणती द्रव्यं आहेत, टीकाकार काय म्हणतात, हे बघावंच लागतं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव *लॉसोनिया इनर्मिस* हे लिनियसने १७५३ मध्ये दिलं. एकोणिसाव्या शतकातल्या वॉट किंवा डायमॉक यांच्या ग्रंथांत हीच वनस्पती *लॉसोनिया अल्बा* या नावाने भेटते. एकाच नावाने शोध घ्याल, तर अर्धं साहित्य हातचं जाईल.

वराहमिहिराचा कलप

आता काळ्या रंगाकडे येऊ. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांचं, म्हणजे गंधयुक्तीचं प्रकरण आहे. डोकं पांढरं असेल तर फुलं, अत्तर, दागिने शोभत नाहीत, असं म्हणून तो थेट केस काळे करण्याची कृती देतो.

कृती थोडक्यात अशी. लोखंडी भांड्यात कोद्रवाचे दाणे आंबवलेल्या आंबट द्रवात, लोखंडाच्या चूर्णासह शिजवायचे. ते बारीक वाटून आंबट लावलेल्या केसांवर थापायचं आणि वरून ओली पानं गुंडाळायची. दोन प्रहरांनी, म्हणजे सहा तासांनी, ते काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पानं गुंडाळायची आणि आणखी दोन प्रहरांनी धुवायचं. केस काळे होतात. मग लोखंडाचा नि आंबटपणाचा वास घालवायला सुगंधी तेलं.

नीट बघा. लोखंड आहे, आंबट आहे, आवळा आहे. आपल्या कढईतलं जवळपास सगळं आहे. नाही ती मेंदी! वैद्यकग्रंथांतही पालित्यावर, म्हणजे केस पिकण्यावर, लोखंडी भांडं, त्रिफळा, माका अशी जोडी पुन्हा पुन्हा येते. म्हणजे कढई मेंदीसाठी आली, असं म्हणण्यापेक्षा कढई कलपाची होती आणि मेंदी तिच्यात नंतर उतरली, असं म्हणायला जागा आहे. हे आपलं गृहीतक. सिद्धांत नव्हे, गृहीतक.

घाटात हे सगळं कुठे आहे?

म्हणून आंबेनळी. इंग्रजी कागदांत हा फिट्झगेराल्ड घाट. गाडीरस्ता १८७०च्या दशकातला. त्याआधीची वाट पार गावावरून आणि रडतोंडीच्या चढणीने जायची. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. घाटावरचा माल याच बाजूने महाडच्या बंदराला उतरायचा.

संशोधकासाठी पहिला धडा: हा घाट दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. पायथा तुम्हाला कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (१८८३) सापडेल, माथा सातारा जिल्ह्याच्या (१८८५). कुलाब्याचं ‘रायगड’ हे नाव १९८१ मधलं. ‘रायगड जिल्हा’ असं शोधत बसलात, तर जुन्या कागदात फक्त किल्ला भेटेल.

दोन्ही खंड शेजारी ठेवून वाचले की गंमत दिसते. जंगलाच्या उत्पन्नात हिरडा आहे. कातडी कमावण्यासाठी त्याला परदेशात मागणी होती. तिथल्या बाजारात हिरड्याच्या एका प्रतीला तर ‘विंगोर्ला’ म्हणत, म्हणजे आपलं वेंगुर्ला. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी यांच्या जोडीला हरीक आहे. हरीक म्हणजेच वराहमिहिराचा कोद्रव. आणि महाबळेश्वरच्या डोंगरावर जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड आहेत.

उलट मेंदी ही या जंगलाची नव्हे. तिला ऊन आणि कोरडी हवा मानवते, पान तिथेच चांगलं रंगतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे मेंदी भेटते ती कुंपणाला, परसात. आज देशभरच्या दुकानांतली बरीचशी पूड राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतहून येते. ‘सोजत मेंदी’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शीर्षकात मेंदीला पाहुणी म्हटलं ते यासाठी.

इथे थांबा!

आता हात शिवशिवतात. हिरडा आहे, हरीक आहे, लोखंड आहे. म्हणजे आंबेनळीत लोक वराहमिहिराच्या कृतीने कलप करत होते, असं लिहून टाकायचं? अजिबात नाही.

साहित्य उपलब्ध असणं हा वापराचा पुरावा नाही. घरात पीठ आहे म्हणून पुरणपोळी झाली, असं कोणी म्हणत नाही. संस्कृत ग्रंथातली कृती उज्जैनच्या आसपासच्या नागर, सुखवस्तू माणसासाठी आहे. तिच्यात आणि सह्याद्रीतल्या धनगरवाड्यात हजारभर वर्षांचं आणि मोठ्या सामाजिक दरीचं अंतर आहे. गॅझेटियरला तर हिरड्यात रस होता तो महसुलापुरता. कोणती बाई कोणत्या फळाने न्हात होती, हा त्या अधिकाऱ्याचा प्रश्नच नव्हता.

मग पुरावा म्हणून काय चालेल? वैद्य घराण्यांची बाडं, ज्यात औषधांचे पाठ लिहिलेले असतात. जकातीच्या आणि दुकानांच्या याद्या. जुन्या मासिकांतल्या जाहिराती. आणि मौखिक साक्षी. पण मौखिक साक्ष घेताना “तुम्ही पूर्वी मेंदी लावायचात का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येईल. “न्हायला काय काय लागायचं? ते कुठून यायचं? कोण आणायचं?” असं विचारा. मग शिकेकाई, रिठा, जास्वंद, माका, हिरडा अशी नावं आपोआप येतील आणि मेंदी त्यांत कुठे बसते ते दिसेल.

कोणाचे केस?

आणखी एक गोष्ट विसरू नका. केस रंगवायला मुळात केस ठेवण्याची मुभा लागते. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि इतर काही उच्च जातींत विधवांचं केशवपन होत होतं. आगरकरांनी ‘सुधारका’तून त्यावर कोरडे ओढले, १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी हे काम नाकारलं. मेंदी बाईच्या हातापायांवर सौभाग्याची खूण होती, तर मुसलमान समाजात पुरुषाच्या दाढीला मेंदी लावण्याला धार्मिक मान होता. महाडच्या बाजारात हे सगळे लोक एकाच दुकानासमोर उभे असणार. एकच पूड, पण तिचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा. ‘मराठी माणूस मेंदी लावायचा’ असं एक वाक्य लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

यातून काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, कढईचा एवढा कीस कशाला? तर आजच्या पाकिटांवर ‘पारंपरिक’, ‘नैसर्गिक’ हे शब्द इतिहासाचा दाखला म्हणून वापरले जातात. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुडींत काळेपणा येतो तो पॅरा-फिनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी या रसायनाने. केसांच्या रंगासाठी त्याचं पेटंट १८८३ मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते, सूज येते. मेंदीचा रंग काळा नसतो आणि जुना काळा कलप लोखंड-आवळ्याचा होता, एवढं माहीत असलेली व्यक्ती पाकिटाची मागची बाजू वाचते.

दुसरं, ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली हिरडा वेचणारे आणि लोखंड गाळणारे हात गायब होतात. उरते ती फक्त ‘आजीबाईंच्या बटव्या’तली एक आजी, तीही बिननावाची.

आता प्रश्न लिहा

तर ‘मेंदीचा इतिहास’ या विषयातून आपण इथवर आलो: “१८५० ते १९५० या काळात महाड–पोलादपूर–महाबळेश्वर पट्ट्यात केस काळे करण्याच्या स्थानिक पद्धती आणि बाजारातली मेंदी यांचा मेळ कसा बसला, आणि त्यात जंगलातून माल आणणाऱ्या समाजांचा वाटा काय होता?” यात काळ आहे, जागा आहे, माणसं आहेत आणि खोटं ठरू शकेल असं गृहीतक आहे.

तुमच्या विषयावर हेच करून बघा. आधी तीन शब्द कोशांत शोधा. मग त्या वस्तूचं काम नेमकं कसं चालतं ते समजून घ्या. तारीख ठरलेले पाच उल्लेख क्रमाने लावा. जागेचे दोन तरी कागद समोरासमोर ठेवा. आणि शेवटी एका कागदावर लिहा: कोणता पुरावा सापडला, तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल? हे वाक्य लिहिता आलं, तर मुलाखतीत “प्रश्न काय आहे?” या प्रश्नाला उत्तर तयार आहे.