नियमांच्या चौकटीत घडलेले इंजिन

मोटारशर्यतींच्या जगात एक तक्रार जुनी आहे. नियम करणारे कल्पकतेचा गळा घोटतात, असे अभियंते म्हणतात आणि चाहतेही त्याला दुजोरा देतात. फॉर्म्युला वनचा गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर ही तक्रार अर्धीच खरी असल्याचे दिसते. नियमाने कशाचे मोजमाप केले, त्यावर इंजिनातील कोणता भाग विकसित होणार हे ठरत गेले. इंजिनातील व्हॉल्व्हची स्प्रिंग हा एक लहानसा भाग; पण त्याच्या प्रवासातून ही बाब सर्वांत स्पष्टपणे उलगडते.

आकारमानाची मर्यादा, फेऱ्यांची शर्यत

१९६६ साली फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाच्या सिलिंडरांच्या एकूण आकारमानावर तीन लिटरची मर्यादा आली. आकारमान ठरलेले असेल, तर अधिक शक्ती मिळविण्याचे मार्ग मोजकेच उरतात. इंजिन अधिक वेगाने फिरविणे हा त्यांतला सर्वांत सरळ मार्ग. फेरे वाढले की तेवढ्याच वेळात अधिक हवा व इंधन आत जाते आणि शक्ती वाढते. १९६७ साली झांडवूर्ट येथील डच ग्रां प्रीमध्ये जिम क्लार्कच्या लोटसमधून पदार्पणातच जिंकलेले कॉसवर्थचे ‘डीएफव्ही’ इंजिन मिनिटाला सुमारे नऊ हजार फेरे घेत असे. त्याची शक्ती चारशे अश्वशक्तीच्या आसपास होती. पुढे याच इंजिनाने दीडशेहून अधिक विजय मिळवून दिले.

फेरे वाढविण्याच्या या मार्गात स्प्रिंग आडवी येत होती. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि मिटतो. मिनिटाला बारा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ही उघडझाप. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करते, तर मिटविण्याचे काम पोलादी स्प्रिंगकडे असते. विशिष्ट वेगापलीकडे स्प्रिंगची वेटोळी स्वतःच कंप पावू लागतात आणि व्हॉल्व्ह वेळेवर जागेवर बसत नाही. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळला, तर क्षणात इंजिन निकामी होते.

या अडचणीवर एक उत्तर त्याआधीच सापडलेले होते. १९५४ च्या मर्सिडीज डब्ल्यू १९६ मोटारीत स्प्रिंगला फाटा देऊन व्हॉल्व्ह उघडण्यासाठी एक आणि मिटविण्यासाठी दुसरा, असे दोन कॅम वापरले होते. इटलीच्या डुकाटी कंपनीने हेच तत्त्व आपल्या मोटारसायकलींत आजतागायत जपले आहे. फॉर्म्युला वनने मात्र पुढे निराळी वाट धरली.

वायूची स्प्रिंग

१९६६ च्या नियमांत एक पळवाट होती. तीन लिटरच्या साध्या इंजिनाऐवजी हवा दाबून भरणारे दीड लिटरचे इंजिन वापरण्याची त्यात मुभा होती. अकरा वर्षे या मुभेकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १९७७ साली रेनो या फ्रेंच कंपनीने टर्बोचार्जर बसवलेली मोटार सिल्व्हरस्टोनला उतरवली. ती वारंवार बंद पडे आणि धूर सोडत थांबे. म्हणून तिला ‘पिवळी किटली’ असे चेष्टेचे नाव मिळाले. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये दिजाँ येथे, जाँ-पिएर जाबुईने तिच्याच पुढच्या पिढीच्या मोटारीतून टर्बो इंजिनाचा पहिला विजय मिळविला. १९८३ पासून विश्वविजेतेपदही टर्बो इंजिनांकडे गेले.

त्याच रेनोच्या अभियंत्यांनी १९८६ साली पोलादी स्प्रिंग काढून तिच्या जागी दाबाखालील नायट्रोजन वायू वापरला. व्हॉल्व्हच्या दांड्यावर लहानसा पिस्टन बसवून त्याखाली वायू कोंडला की तोच स्प्रिंगचे काम करतो. वायूला वेटोळी नसतात, त्यामुळे कंपनाने निकामी होण्याची भीती राहत नाही. शिवाय हलणाऱ्या भागांचे वजनही घटते. १९८९ मध्ये टर्बोवर बंदी आली आणि साडेतीन लिटरची साधी इंजिने अनिवार्य झाली, तेव्हा या शोधाचे खरे मोल कळले. हवा दाबून भरण्याचा मार्ग बंद झाल्यावर फेरे वाढविणे हाच मुख्य उपाय उरला आणि त्याची किल्ली रेनोच्या हाती आधीपासून होती. १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षे संघांचे विजेतेपद रेनोची इंजिने वापरणाऱ्या संघांनीच पटकावले. प्रतिस्पर्ध्यांनाही वायूची स्प्रिंग स्वीकारणे भाग पडले.

१९९४ च्या इमोला येथील प्राणघातक अपघातांनंतर, १९९५ पासून आकारमान पुन्हा तीन लिटरवर आणले गेले. अभियंत्यांनी हरवलेली शक्ती पुन्हा फेऱ्यांतूनच भरून काढली. २००६ मध्ये मर्यादा २.४ लिटरवर आली, तेव्हा कॉसवर्थच्या इंजिनाने मिनिटाला वीस हजार फेऱ्यांचा टप्पा गाठला. आकारमान कमी करून शक्तीला लगाम घालण्याचा प्रत्येक प्रयत्न इंजिनाला अधिक वेगाने फिरवीत गेला.

धातूंवर बंदी, मग गोठवण

वेगवान इंजिनाला हलके आणि ताठ धातू हवेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या इंजिनांत बेरिलियम व अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पिस्टन वापरले गेले. हा धातू महागडा असून त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. २००१ पासून नियमांनी धातूच्या घनतेच्या तुलनेत त्याच्या ताठपणावर कमाल मर्यादा घातली आणि बेरिलियम बाद झाला. ही बंदी आरोग्याच्या आणि खर्चाच्या दृष्टीने समर्थनीय होती.

२००७ नंतरचे पाऊल निराळे होते. इंजिनांची रचना गोठविण्यात आली आणि फेऱ्यांवर आधी एकोणीस हजार, तर २००९ पासून अठरा हजारांची मर्यादा आली. खर्च आवरणे हा हेतू होता आणि तो गैर नव्हता. जागतिक मंदीच्या काळात होंडा, बीएमडब्ल्यू आणि टोयोटा या तीन बड्या कंपन्या वर्षभरातच खेळातून बाहेर पडल्या. परंतु या गोठवणीने इंजिन विभागातील नवनिर्मिती जवळजवळ थांबली. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतीय प्रेक्षकांनी ऐकलेला कर्णकर्कश आवाज याच गोठवलेल्या इंजिनांचा होता.

मोजमाप बदलले, शोध बदलला

२०१४ मध्ये नियमकर्त्यांनी मोजपट्टीच बदलली. इंजिन १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, टर्बो आणि विद्युत मोटारींसह. पण सर्वांत निर्णायक अट इंधनाची होती. पूर्ण शर्यतीसाठी शंभर किलो इंधन आणि ते जाळण्याचा कमाल वेग ताशी शंभर किलो. फेऱ्यांची मर्यादा पंधरा हजार असूनही प्रत्यक्षात संघ तिथपर्यंत जाईनात. इंधनाचा प्रवाहच ठरलेला असल्यामुळे अधिक फेरे म्हणजे केवळ अधिक घर्षण. चाळीस वर्षे चाललेली फेऱ्यांची शर्यत एका अटीने संपली.

आता प्रश्न एकच उरला : त्याच इंधनातून अधिक काम कसे काढायचे? उत्तरादाखल ज्वलनकक्षालगत छोटा पूर्वकक्ष आला. त्यात पेटलेल्या ज्वाळा मुख्य कक्षात शिरून अगदी विरळ मिश्रणही झपाट्याने जाळतात. टर्बोच्या दांड्यावर विद्युत जनित्र आले. वाया जाणाऱ्या धुराच्या ऊर्जेतून ते वीज बनवी आणि गरजेनुसार टर्बोला फिरवी. आधीची इंजिने इंधनातील ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी लावीत. २०१७ मध्ये मर्सिडीजने चाचणीकक्षात पन्नास टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर केले.

वायूच्या स्प्रिंगला रोजच्या मोटारीत फारसे स्थान मिळाले नाही. वीस हजार फेऱ्यांचे इंजिन रस्त्यावर कोणाला हवे असते? याउलट पूर्वकक्षाचे तत्त्व मासेरातीच्या २०२० मधील नव्या इंजिनात आले आणि विद्युत टर्बो मर्सिडीज-एएमजी व पोर्शच्या रस्त्यावरील मोटारींत दिसू लागला. या मोटारी महागड्या आहेत हे खरे. तरी शर्यतीतील ज्ञान रस्त्याच्या दिशेने वळले, ते इंधनावरील अटीमुळे.

पुढची अट

२०२६ च्या नियमांनी टर्बोवरील जनित्र काढून टाकले आहे. ते गुंतागुंतीचे आणि खर्चिक होते; नव्या कंपन्यांना त्यामुळे मैदानात उतरणे अवघड जात होते. ते हटल्यानंतर ऑडी इंजिन उत्पादक म्हणून आली आणि माघार घेतलेली होंडाही परतली. चाकांशी जोडलेल्या विद्युत मोटारीची शक्ती मात्र १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर गेली असून इंधन शाश्वत स्रोतांतील असणे बंधनकारक झाले आहे. इंधनाची मर्यादाही आता वजनाऐवजी त्यातील ऊर्जेवर आधारलेली आहे. कार्यक्षमतेचा एक सिद्ध झालेला मार्ग बंद करून स्पर्धकांची संख्या वाढविणे, हा सौदा नियमकर्त्यांनी जाणीवपूर्वक पत्करला. अभियंत्यांची बुद्धी आता बॅटरी, विद्युत मोटार आणि इंधनाचे रसायन यांच्यामागे लागली आहे. पुढील काही हंगामांत नवे शोध लागले, तर ते बहुधा याच तीन ठिकाणी लागतील.