अदृश्य विश्व आणि कल्याणच्या तबकड्या

घाटकोपर-मुलुंडच्या, अंधेरी-बोरिवलीच्या आकाशात आता मोजकेच तारे दिसतात. ज्यांना दिसणारे तारेही पुरते दिसत नाहीत, त्यांनी अदृश्य विश्वाची चर्चा कशाला करावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ह्या विश्वाच्या भारतीय शोधाचा एक आरंभ आपल्याच लोकलच्या वाटेवर, मुलुंडच्या पुढे कल्याणास झाला. त्याचे विस्मरण आपल्याला शोभत नाही.

१९५३ साली गोविंद स्वरूप हे तरुण संशोधक ऑस्ट्रेलियास गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपीत होत्या. त्या तेथून काढून टाकण्याची वेळ आली, तेव्हा भारताला द्याव्यात अशी मागणी स्वरूपांनी केली. दुसऱ्याच्या दृष्टीने जे मोडीत निघाले होते, ते आमच्या गरिबीत भांडवल ठरले! तबकड्या दिल्लीस आल्या. १९६३ मध्ये स्वरूप होमी भाभांच्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ साली त्याच तबकड्या कल्याणास सूर्याचा वेध घेऊ लागल्या. १९७० मध्ये उटीची दुर्बीण उभी राहिली. पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण झाली.

अशा दुर्बिणी डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपतात. दीर्घिकांतील हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. त्या मोजता असे आढळले की, कडेचा वायू फार वेगाने फिरतो; दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवण्यास पुरत नाही. म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ कृष्णद्रव्य मानतात. पण त्याचा कण अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही.

कृष्णविवरांचीही तीच गोष्ट. स्पंदतारे घड्याळासारखे नियमित ठोके देतात. जून २०२३ मध्ये युरोपीय, भारतीय व जपानी संशोधकांनी पंचवीस स्पंदताऱ्यांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरक मांडले. त्यांत खोडदची निरीक्षणे होती. अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा त्यांत दिसला. त्या बहुधा परस्परांभोवती फिरणाऱ्या प्रचंड कृष्णविवरांच्या असाव्यात. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत.

अदृश्याविषयी बोलणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते. परंतु जे दिसत नाही त्याविषयी बोलण्याचा अधिकार श्रद्धेच्या जोरावर मिळत नाही. तो वर्षानुवर्षे केलेल्या मोजमापाने, आणि जेथे माप अपुरे पडते तेथे ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याच्या धैर्याने मिळतो. कल्याणच्या त्या लहान तबकड्यांचा वारसा हाच आहे. उद्या गाडीने कल्याण गाठाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा, एवढीच आमची विनंती.